पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे वचन आपण इतक्या सहजतेने उच्चारतो, की त्यात एक निवाडा दडलेला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. वकिलीत वीस वर्षे घालविलेल्या माणसाला मात्र एक खोड जडलेली असते. निवाडा म्हटला, की तो लागलीच तीन प्रश्न विचारतो : निवाडा कोणी दिला? कोणत्या पुराव्यावर दिला? आणि तो चुकीचा ठरल्यास भुर्दंड कोणी भरावयाचा? पाळण्याभोवती जमलेल्या कौतुकाच्या घोळक्यात असे प्रश्न विचारणारा माणूस अरसिक ठरतो. तरीही ते विचारणे भाग पडावे, असा एक प्रसंग मजवर नुकताच आला.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ एका संध्याकाळी करारपत्राचा जाडजूड मसुदा घेऊन कचेरीत आले. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा. उंची सहा फूट दोन इंच. शाळेच्या बास्केटबॉल संघात तो चमकतो, आणि उत्सवात पालखीमागे चालू लागला की साऱ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. परदेशातील एका क्रीडाप्रशिक्षण संस्थेने त्याला प्रवेश देऊ केला होता. शुल्काची रक्कम अशी, की वडिलार्जित कुळागराचा एक तुकडा विकल्यावाचून ती उभी राहणार नव्हती. "करार कायद्यात बसतो ना, एवढंच सांगा," असे ते म्हणाले. मुलगा मोठा खेळाडू होणार हा मुद्दा त्यांच्या मते निकालात निघालेला होता. संस्थेच्या पारख्याने तसे लेखी कळविले होते. त्यांच्या बोलण्यात एक नाव वारंवार येत होते : पंजाबातील बल्लो के या गावचा सतनाम सिंग. २०१५ साली अमेरिकेतील एन. बी. ए. या व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक निवडीत, ज्याला तिकडे ड्राफ्ट म्हणतात त्यात, डलास मॅव्हरिक्स संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला होता. पुढे मात्र एन. बी. ए.च्या नियमित हंगामातील एकही सामना सतनामच्या वाट्यास आला नाही आणि तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. हा उत्तरार्ध त्या गृहस्थांच्या कथेत नव्हता.

मसुदा मी ठेवून घेतला आणि मत देण्यापूर्वी त्यांना एक चित्रपट पाहावयास सांगितले. त्या निमित्ताने मीही तो पुन्हा पाहिला. तो चित्रपट म्हणजे १९९४ साली प्रदर्शित झालेला 'हूप ड्रीम्स'. तो तीस वर्षांचा जुना झाला असला, तरी त्यातील प्रश्न किंचितही शिळा झालेला नाही, असे मला पुन्हा एकदा वाटले. आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

स्टीव्ह जेम्स यांनी दिग्दर्शित केलेला आणि फ्रेडरिक मार्क्स व पीटर गिल्बर्ट यांच्या साहचर्याने सिद्ध झालेला हा वृत्तचित्रपट शिकागो शहरात घडतो. मुळात अर्ध्या तासाचा एक लहानसा चित्रपट काढावयाचा, एवढाच बेत होता. प्रत्यक्षात हे तिघे दोन मुलांच्या मागे जवळजवळ पाच वर्षे फिरले, सुमारे अडीचशे तासांचे चित्रण त्यांनी जमविले आणि त्यातून जेमतेम तीन तासांची कलाकृती घडविली. ती दोन मुले म्हणजे आर्थर एजी आणि विल्यम गेट्स. (या दुसऱ्या नावाच्या जगप्रसिद्ध धनिकाशी या मुलाचा काडीमात्र संबंध नाही; असता, तर हा चित्रपटच निघाला नसता.) दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही दरिद्री वस्तीतले, दोघेही आरंभी चौदा वर्षांचे.

गल्लीतल्या मैदानावर खेळणाऱ्या आर्थरला अर्ल स्मिथ नावाचा एक पारखी हेरतो आणि शहराबाहेरच्या सेंट जोसेफ या खासगी शाळेत घेऊन जातो. याच शाळेत एके काळी आयझेया थॉमस शिकला आणि तेथून निघून एन. बी. ए.चा तारा झाला. शाळेच्या भिंतीभिंतीवर त्याची स्मृती आहे. प्रशिक्षक जीन पिंगटोर यांच्या डोळ्यांपुढेही तीच मूर्ती आहे. येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्या मूर्तीशेजारी उभे करून मापले जाते. या मापात विल्यम उतरतो. पहिल्याच वर्षी त्याला शाळेच्या मुख्य संघात जागा मिळते, वृत्तपत्रे त्याला 'दुसरा आयझेया' म्हणू लागतात, आणि त्याच्या शुल्काचा उरलेला भाग भरण्यास एक संपन्न बाई पुढे येतात. आर्थर नवागतांच्या संघात राहतो. त्याच्या वडिलांची नोकरी जाते, शुल्क थकते, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याला शाळा सोडावी लागते. तो आपल्या वस्तीतल्या मार्शल या सरकारी शाळेत जातो. तेथील प्रशिक्षक ल्यूथर बेडफर्ड मोजक्या शब्दांत मर्म सांगून जातात : जसा खेळेल असे भाकीत केले होते तसा तो खेळला असता, तर तो तेथेच राहिला असता, शुल्काचा प्रश्न आपोआप मिटला असता.

येथवर कथा दारिद्र्याची आहे. पण एका बारीकशा प्रसंगाने ती न्यायाची कथा होते. आर्थरने सेंट जोसेफमध्ये केलेल्या अभ्यासाचे दाखले नव्या शाळेस हवे असतात; थकबाकी फिटेपर्यंत जुनी शाळा ते देत नाही. ज्या शाळेने मुलाला त्याच्या अंगणातून उचलून नेले, तिला तिचा अंदाज चुकल्यावर त्याची जबाबदारी तर राहिली नाहीच, उलट तोच तिचा ऋणको ठरला. पारख केली त्यांनी. ती चुकल्याचा दंड भरला शीला एजीने, हप्त्याहप्त्याने. यात कायद्याचा भंग नाही. म्हणूनच तो प्रसंग मला अधिक बोचला.

चित्रपटाचे मोठेपण असे, की तो कोणालाही खलनायक करीत नाही. पिंगटोर हे कठोर आहेत, पण खोटे नाहीत; मुलांनी पदवीपर्यंत शिकावे असे त्यांना खरोखरच वाटते. विल्यमच्या गुडघ्याला दुखापत होते, शस्त्रक्रिया होते, घाईने मैदानात उतरल्यावर पुन्हा दुखापत आणि पुन्हा शस्त्रक्रिया. या सर्व काळात त्याच्याभोवतीची माणसे त्याच्यावर प्रेमच करीत असतात. पण त्या प्रेमात गुडघ्याचा वाटा किती आणि मुलाचा किती, हे त्याला कळेनासे होते. एके काळी स्वतः नावाजलेला त्याचा थोरला भाऊ कर्टिस आपले राहून गेलेले आयुष्य धाकट्याच्या पायांनी चालू पाहतो. कोणत्याही अडाणी शत्रूपेक्षा अशा प्रेमळ माणसांचे ओझे जड असते, हे दिग्दर्शक एक शब्दही न बोलता दाखवितो.

१९९० च्या उन्हाळ्यात प्रिन्सटन येथे एका बूटकंपनीने भरविलेल्या शिबिराचा भाग तर या चित्रपटाचा कळसच. देशातील निवडक शंभरएक मुले कोर्टावर धावत आहेत आणि भोवती विद्यापीठांचे नामांकित प्रशिक्षक टिपणवह्या घेऊन बसले आहेत. यांतला एक पारखी स्वतःच कबूल करतो, की हा मांसाचा बाजार झाला आहे. दिग्दर्शक स्पाइक ली त्या मुलांपुढे उभे राहून निक्षून सांगतात, की येथे तुमची कोणाला पर्वा नाही. तुम्ही संघाला जिंकून द्याल आणि संघ पैसा मिळवील, म्हणून तुम्ही येथे आहात. मुले हे ऐकतात आणि पुन्हा धावू लागतात. आपल्याकडे पाळण्यातले पाय पाहतात ते अलंकारिक अर्थाने. येथे ते अक्षरशः बूट विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले जात होते.

आणि मग निवाडा फिरतो. ज्याला शाळेने नाकारले त्या आर्थरचा मार्शल संघ १९९१ साली शहराचे अजिंक्यपद पटकावून राज्यस्पर्धेत जातो आणि तिसरा क्रमांक मिळवितो. ज्याला दुसरा आयझेया म्हटले, त्या विल्यमचा संघ त्या कोर्टापर्यंत एकदाही पोहोचत नाही. येथे एखादा सामान्य दिग्दर्शक 'पाहा, नाकारलेलाच अखेर जिंकला' असे नगारे वाजवून थांबला असता. जेम्स थांबत नाहीत. आर्थर मिसुरीतील एका लहानशा महाविद्यालयात जातो, तेथून अर्कान्सा स्टेट विद्यापीठात. विल्यम मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात जातो. एन. बी. ए.त दोघांपैकी कोणीही पोहोचत नाही. म्हणजे विल्यमला निवडणारे जितके चुकले, तितकेच आर्थरच्या विजयाने हुरळून जाऊन त्याच्याविषयी नवे भाकीत करणारा प्रेक्षकही चुकला. कारण तीन तासांत प्रेक्षकही नकळत पारखी झालेला असतो. विल्यम फ्री थ्रोसाठी उभा राहिला, की आपण श्वास रोखतो. चेंडू जाळीत पडावा, ही आपली इच्छा त्या मुलाच्या कल्याणाची असते की आपल्या अंदाजाच्या विजयाची? चित्रपट हा प्रश्न उच्चारत नाही. पण मला त्याने तो माझ्या खुर्चीत बसून विचारावयास लावला.

याच ठिकाणी चित्रपटाचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे. शेकडो मुलांतून हीच दोन मुले कॅमेऱ्यानेही निवडली. तोही एक निवाडाच होता. कॅमेरा मागे लागल्यामुळे शाळा, शेजारी आणि खुद्द ती मुले यांच्या वागण्यात काय फरक पडला, याविषयी चित्रपट मौन पाळतो. शेवटच्या क्षणांतील सामन्यांची जुळणीही काही ठिकाणी रहस्यकथेसारखी झाली आहे. ज्या उत्कंठेची तो चिकित्सा करतो, तिचाच तो लाभ घेतो. परंतु निर्मात्यांनी पुढे उत्पन्नाचा वाटा दोन्ही कुटुंबांना दिला, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. शिवाय चित्रपटातील सर्वांत उत्कट विजय कोर्टावरचा नाहीच. आर्थरची आई शीला, घरातील वीज तोडली गेलेल्या दिवसांतून तरून, परिचारिका-साहाय्यकाचा अभ्यासक्रम वर्गात पहिल्या क्रमांकाने पूर्ण करते आणि आनंदाने रडू लागते. तिच्याविषयी कोणत्याही पारख्याने कोणतेही भाकीत केलेले नव्हते. तिचे पाय पाहण्यास पाळण्याजवळ कोणी आलेच नव्हते.

दैवाचा विनोद असा, की पारख चुकते हे सांगणाऱ्या या चित्रपटाचीच पारख चुकली. १९९५ च्या ऑस्कर सोहळ्यात वृत्तचित्रपटांच्या नामांकनात त्याला स्थान मिळाले नाही. संकलनासाठी तेवढे नामांकन मिळाले. त्यावर इतका गदारोळ झाला, की निवडीची पद्धतच पुढे बदलावी लागली. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात त्याचा समावेश झाला. कलाकृतीला असे अपील करता येते. दहा वर्षांनीही तिचे वय वाढलेले नसते. सतरा वर्षांच्या मुलाला ती सवलत नाही.

ज्यांना या विषयाचा पुढला अध्याय वाचावयाचा असेल, त्यांनी जॉश आणि बेनी सॅफ्डी या बंधूंचा 'लेनी कुक' हा २०१३ सालचा चित्रपट पाहावा. कलाकृती म्हणून तो 'हूप ड्रीम्स'च्या तोलाचा नाही. त्याची वीण सैल आहे. पण पुरावा म्हणून तो विलक्षण आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला लेनी कुक हा २००१ साली देशातील शालेय खेळाडूंत अग्रगण्य मानला जात होता. त्या वर्षीच्या जुलैत न्यू जर्सीतील एका शिबिरात त्याचा संघ ओहायोतल्या एका मुलाच्या संघाशी खेळला, आणि त्या मुलाने अखेरच्या क्षणी दुरून चेंडू टाकून सामना जिंकला. तो मुलगा लेब्रॉन जेम्स. पुढल्या वर्षी कुकने स्वतःचे नाव ड्राफ्टसाठी दिले. कोणत्याही संघाने त्याला निवडले नाही. लेब्रॉनला २००३ साली पहिल्या क्रमांकावर निवडले गेले आणि पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. चित्रपटाच्या शेवटी स्थूल झालेला, तिशीतला कुक आपल्याच तरुण प्रतिमेपुढे उभा राहून तिला चार शब्द सांगतो. ती ऐकल्यासारखे करते.

या सामन्याची हकीकत सांगणारे बहुतेक जण 'एकाच्या ठायी प्रतिभा होती, दुसऱ्याच्या ठायी नव्हती', असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. वकील मात्र प्रथम जन्मदाखला मागतो. लेनी कुक एप्रिल १९८२ चा. लेब्रॉन डिसेंबर १९८४ चा. म्हणजे त्या दिवशी एक एकोणीस वर्षांचा होता आणि दुसरा सोळा वर्षांचा. वाढत्या वयात अडीच वर्षांचे अंतर म्हणजे हाडामांसाचा केवढा फरक! कुकच्या आधीच्या कीर्तीतला मोठा वाटा हा त्याच्या पुढे धावलेल्या वयाचा असू शकेल, अशी शंका येण्यास ते दोन जन्मदाखले पुरेसे होते. पण गुणानुक्रमांच्या याद्या तसे विचारीत नसत. एका शिबिरातला लौकिक दुसऱ्या शिबिरात प्रवेश मिळवून देई, तो प्रवेश तिसऱ्या यादीत आधार म्हणून दाखविला जाई, आणि अशा रीतीने एकच अफवा तीन तोंडांनी तीन साक्षी देई. आपल्याकडील १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या अधिनियमाने घेतली. पण ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे, हे तत्त्व त्यानेही सोडलेले नाही. मुलांच्या भवितव्याविषयी मात्र आपण ऐकीव गोष्टींवर निकाल देतो आणि त्यावर जमिनी विकतो.

मग पारख ही निव्वळ थोतांडच मानावी काय? तसे म्हणणे दुराग्रहाचे होईल. शाळेतून थेट एन. बी. ए.त गेलेल्यांत १९९५ साली पाचव्या क्रमांकावर निवडलेला केव्हिन गार्नेट आहे, १९९६ साली तेराव्या क्रमांकावर निवडलेला कोबी ब्रायंट आहे. ज्यांनी त्यांना ओळखले, त्यांची दृष्टी वंदनीयच. पण त्याच मापदंडाने २००१ साली क्वामे ब्राउन या शाळकरी मुलाला सर्वांत प्रथम निवडले गेले. त्याची कारकीर्द बारा हंगाम चालली, तरी त्या पहिल्या क्रमांकाचे ओझे त्याला कधीच उतरविता आले नाही. १९९८ साली चाळिसाव्या क्रमांकावर निवडलेला कोर्लिओन यंग अवघे तीन सामने खेळला. उलट बाजूस मायकेल जॉर्डन शाळेच्या दुसऱ्या वर्षी मुख्य संघात घेतला गेला नव्हता. त्याच्याऐवजी त्याचा उंच मित्र घेतला गेला. स्कॉटी पिपेन शाळा सोडताना सहा फूट एक इंच होता. महाविद्यालयात त्याची उंची आणखी सहासात इंचांनी वाढली आणि १९८७ साली तो पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. सर्बियाचा निकोला योकिच २०१४ साली एकेचाळिसावा होता. २०२१, २०२२ आणि २०२४ या तीन वर्षी तो एन. बी. ए.चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

यावरून इतके दिसते, की पारख्याला मोजता येते ते आजचे शरीर : उंची, हातांचा पल्ला, उडी. त्याला सांगावयाचे असते ते उद्याचे. दोहोंच्या मध्ये अजून न वाढलेली हाडे, अजून न दुखावलेला गुडघा, अजून न भेटलेला गुरू आणि घरातली अजून न आलेली आपत्ती या चार गोष्टी उभ्या असतात. एन. बी. ए.त संघ तीस, आणि प्रत्येकी नियमित खेळाडू पंधरा. म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे. एवढ्या अरुंद दाराशी उत्तम पारखीही बहुतेक वेळा चुकणारच. चूक हा त्याचा अपराध नव्हे.

हे आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा लहानपणीच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन सभा जिंकीत असे. कुमार गंधर्व हे नाव त्याला त्याच वयात मिळाले. तेथेच पाय पाहणाऱ्यांचे काम संपले असते, तर आपल्याला एक चमत्कार मिळाला असता, गायक नव्हे. पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे कित्येक वर्षांची तालीम, त्यानंतर क्षयाने देवासला अंथरुणाला खिळून काढलेली वर्षे, आणि त्या अंथरुणावर कानी पडलेली माळव्याची लोकगीते, यांतून जो कुमार उभा राहिला, तो कोणत्याही पारख्याच्या यादीत नव्हता. पण मला येथे देवधर अधिक महत्त्वाचे वाटतात. मुलाच्या आवाजाची पारख त्यांनीही केलीच होती. मात्र पारख करून ते टिपणवही मिटून निघून गेले नाहीत. त्यांनी त्याला आपल्या छायेत ठेवून घेतले. गंडा बांधला जातो तेव्हा दोरा शिष्याच्या मनगटावर दिसतो, पण बांधला जातो तो गुरूही.

आता मूळ तीन प्रश्नांकडे वळू. बास्केटबॉलच्या या बाजारात निवाडा देतो कोण? ज्याला त्या निवाड्यातून लाभ आहे तो : शाळा, शिबिर, बूटकंपनी, संस्था. कोणीही स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले सूत्र येथे मुळातच मोडलेले असते. पुरावा कोणता, ते आपण पाहिले. उरला भुर्दंड.

अमेरिकेतील कायद्याने या प्रश्नाला वयाच्या बाजूने हात घातला. शाळा संपून चार वर्षे झाल्याखेरीज खेळाडूला घ्यावयाचे नाही, असा एन. बी. ए.चा जुना नियम होता. स्पेन्सर हेवूडने त्याला आव्हान दिले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस यांनी त्याच्या बाजूचा मनाईहुकूम पुन्हा जारी केला. तरुणाला उपजीविकेपासून रोखता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व योग्यच होते. पुढे २००५ च्या करारान्वये वय किमान एकोणीस आणि शाळा संपल्यावर एक वर्ष, अशी नवी अट आली. या नियमाने संघांचा जुगार थोडा कमी धोक्याचा झाला. मुलाचा झाला काय? आमच्याकडे १९०३ साली मोहरी बीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल ठरविला. अमेरिकेतही ब्रायंट सतरा वर्षांचा असल्यामुळे त्याच्या पहिल्या करारावर आईवडिलांच्या सह्या घ्याव्या लागल्या होत्या. अज्ञान मुलाने गाय विकली तर कायदा त्याचे रक्षण करतो. त्याच मुलाचे सारे तारुण्य एका भाकितावर लावले जाते, तेव्हा रक्षण पालकांच्या सहीवर सोपविलेले असते. आणि पालक तर पाळण्याशी सर्वांत पुढे उभा असतो. २०२१ पासून तेथील महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसा मिळविण्याची मुभा मिळाली, हे न्याय्यच झाले. पण त्यामुळे पाळण्यातल्या पायांना रोख किंमत आली आणि घाई आणखी वाढली.

म्हणून माझ्या मते पारख्याची परीक्षा त्याच्या अचूकतेवर करू नये. 'तुझा अंदाज चुकला, तर तू या मुलासाठी काय करशील?' एवढे विचारावे. 'हूप ड्रीम्स'मध्ये याचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते, आणि चित्रपटातला तो सर्वांत साधा प्रसंग आहे. मार्केट विद्यापीठाचे प्रशिक्षक केव्हिन ओ'नील विल्यमच्या घरी येऊन सांगतात, की दुखापतीने तू एकही सामना खेळू शकला नाहीस, तरी चार वर्षांची शिष्यवृत्ती तुझीच राहील. येथे प्रथमच कोणीतरी आपल्या निवाड्याला तारण ठेवतो. विल्यम एन. बी. ए.त गेला नाही. पुढे तो धर्मोपदेशक झाला. कर्टिसची २००१ साली आणि आर्थरच्या वडिलांची २००४ साली हत्या झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वस्तीतून धडपणे बाहेर पडणे हेच केवढे यश होते, ते कळते. आर्थरच्या अठराव्या वाढदिवशी त्याची आई म्हणते, की तो अठरा वर्षे जगला याचाच तिला आनंद आहे. पारख्यांच्या कोणत्याही यादीत या रकान्याला जागा नव्हती.

ते गृहस्थ आठ दिवसांनी परत आले. चित्रपट त्यांनी पत्नी आणि मुलासह पाहिला होता. मी मसुद्याची एकवीस कलमे त्यांच्यापुढे वाचली. शुल्क परत न मिळण्याचे कलम होते, मुलाच्या छायाचित्रांच्या वापराचे कलम होते, भावी कमाईतील हिश्शाचेही होते. मुलगा जायबंदी झाला किंवा त्याची उंची सहा फूट दोन इंचांवरच थांबली, तर त्याचे शालेय शिक्षण कोण पुरे करील, याविषयी एक अक्षर नव्हते. करार कायद्यात बसत होता. बाविसावे कलम मी स्वतः लिहून दिले आणि ते संस्थेकडे पाठवून उत्तर मागवावे, असे सुचविले.

उत्तर अद्याप आलेले नाही. कुळागर जागेवर आहे. मुलगा रोज संध्याकाळी शाळेच्या कोर्टावर खेळतो. मध्यंतरी मी तेथून जात असता त्याने मला हाक मारून एक चेंडू दुरून जाळीत टाकून दाखविला. फार सुरेख पडला. मी टाळ्या वाजविल्या आणि काही न बोलता पुढे चालू लागलो.